शंभर तासांचं काम कोणत्या तारखेला संपेल?



आजचा पाठ स्प्रेडशीटचा आहे, पण सुरुवात एका प्रसंगाने करू. १५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. झेंडावंदन आटोपून मी घरी निघालो होतो. पवनानगरच्या चौकात आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याचं छोटंसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एका शाळेकडून त्याला ४० लोखंडी बाकांची ऑर्डर मिळाली होती. शाळेला बाक हवे होते ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनाच्या सकाळी.

तो खुशीत होता. म्हणाला, "सर, एका बाकाला अडीच तास. चाळीस बाक म्हणजे शंभर तास. रोज आठ तास काम, म्हणजे साडेबारा दिवस. तेरा धरा. माल सोमवारी, १८ तारखेला येतोय. ३० ऑगस्टला काम हातावेगळं! शाळेला सांगूनच टाकतो."

मी म्हटलं, "अरे, सांगण्याआधी जरा माझ्याबरोबर बस. आपण ते संगणकावर मांडून बघू."

त्याचा गुणाकार बरोबर होता, भागाकारही बरोबर होता. तरी तारीख चुकली होती. का चुकली, आणि बरोबर तारीख स्प्रेडशीटकडून कशी काढून घ्यायची, हेच आज शिकायचं आहे. तुमचा प्रकल्प असो, शिवणकामाची ऑर्डर असो की संगणकावर नोंदी भरायचं काम असो, पद्धत हीच.

एक सूचना आधीच देतो. या पाठात सूत्रं मी देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टाइप करताना सूत्रांची नावं, रकान्यांची अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाका.

तास आणि तारीख, दोन वेगळ्या गोष्टी

तास हे कामाचं माप आहे. तारीख ही कॅलेंडरवरची जागा आहे. शंभर तास हे शंभर तासच राहतात. पण ते कॅलेंडरवर किती जागा व्यापतील, हे तीन गोष्टींवर ठरतं: रोज खरोखर किती तास काम होतं, आठवड्याची सुट्टी कोणती, आणि मध्ये सण-सुट्ट्या किती येतात. आपल्या विद्यार्थ्याने पहिली गोष्ट अंदाजाने धरली आणि उरलेल्या दोन धरल्याच नाहीत.

आता स्प्रेडशीटच्या पोटात काय चालतं ते पाहू. तिला तारीख म्हणजे फक्त एक आकडा असतो. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १. तिथून पुढे रोज एक वाढतो. १ जानेवारी २०२५ चा क्रमांक ४५६५८ येतो. तारीख लिहिलेल्या चौकटीचं फॉरमॅट 'नंबर' करून बघा, हा आकडा दिसेल. एक दिवस म्हणजे १, म्हणून एक तास म्हणजे १ भागिले २४. दुपारचे बारा म्हणजे अर्धा, ०.५. तारखेत १३ मिळवले की १३ दिवस पुढची तारीख मिळते ती यामुळेच. पण हे १३ दिवस कॅलेंडरचे असतात. त्यात सुट्टीचे दिवसही मोजले जातात.

मांडणी

कोरी शीट उघडा. 'ए' रकान्यात नावं आणि 'बी' रकान्यात किंमती लिहा.

बी१ : कामाची सुरुवात, १८/०८/२०२५
बी२ : एकूण तास, १००
बी३ : रोजचे तास, ८
बी४ : लागणारे दिवस
बी५ : काम संपण्याची तारीख

डी२ ते डी५ या चौकटींत सुट्ट्यांच्या तारखा लिहा. आमच्या वर्कशॉपची यादी अशी होती: १५/०८/२०२५ स्वातंत्र्य दिन, २७/०८/२०२५ गणेश चतुर्थी, ०१/०९/२०२५ गौरीपूजन, ०६/०९/२०२५ अनंत चतुर्दशी. ही सरकारी यादी नाही बरं का. तुमचं काम ज्या दिवशी खरोखर बंद राहणार, ती ही यादी. गौरीच्या दिवशी सरकारी सुट्टी असो वा नसो, त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कोणी येणार नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं.

तारीख टाइप केल्यावर ती चौकटीत उजवीकडे सरकली का ते बघा. डावीकडे चिकटून राहिली तर संगणकाने तिला तारीख मानलेलं नाही, नुसता मजकूर मानलाय. दुसरा धोका याहून वाईट. तुमच्या शीटची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर ०५/०९/२०२५ ही ५ सप्टेंबर न धरता ९ मे धरली जाते. ती उजवीकडेच दिसते, म्हणून चूक कळतही नाही. गूगल शीट्समध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन देश 'भारत' निवडा. खात्रीसाठी तारखेचं फॉरमॅट असं ठेवा की महिना अक्षरांत दिसेल.

पहिली पायरी : तासांचे दिवस

बी४ मध्ये लिहा:

=राउंडअप(बी२/बी३,०)

१०० भागिले ८ म्हणजे १२.५. राउंडअप त्याचे १३ करतं. हे वर नेणं का हवं? कारण पुढच्या पायरीतलं सूत्र अपूर्णांक सरळ कापून टाकतं. त्याला साडेबारा दिले तर ते बाराच मोजतं आणि तुमचं अर्ध्या दिवसाचं काम कागदावरून गायब होतं.

दुसरी पायरी : दिवसांची तारीख

यासाठी दोन सूत्रं आहेत. पहिलं 'वर्कडे'. ते शनिवार आणि रविवार दोन्ही सुट्टीचे धरतं. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्यांना हे सूत्र चालेल. पण आपल्या वर्कशॉपला शनिवार-रविवार सुट्टी नसते. तिथे सुट्टी गुरुवारी. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. माल तिकडून आणायचा, म्हणून मावळातला छोटा व्यावसायिकही बरेचदा तोच वार धरतो.

म्हणून दुसरं सूत्र वापरायचं: 'वर्कडे.इंटल'. इंग्रजीत 'वर्कडे' हा शब्द जोडून लिहा, मग टिंब, मग आय-एन-टी-एल ही चार अक्षरं. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस या तिन्हींत ते आहे. बी५ मध्ये लिहा:

=वर्कडे.इंटल(बी१-१,बी४,१५,डी२:डी५)

कंसातल्या चार गोष्टी नीट समजून घ्या.

एक, बी१-१. हे सूत्र सुरुवातीचा दिवस मोजत नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागतं. आपलं काम १८ तारखेच्या सकाळीच सुरू होतंय, म्हणजे १८ हा पहिला दिवस. तो मोजला जावा म्हणून एक दिवस आधीची तारीख द्यायची. हा 'वजा एक' विसरला की उत्तर एक कामाचा दिवस पुढे जातं. वर्गात सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

दोन, बी४ म्हणजे कामाचे दिवस.

तीन, १५ हा साप्ताहिक सुट्टीचा क्रमांक. फक्त रविवार सुट्टी असेल तर ११, सोमवार १२, मंगळवार १३, बुधवार १४, गुरुवार १५, शुक्रवार १६, शनिवार १७. दोन दिवसांच्या सुट्टीसाठी १ ते ७ हे क्रमांक आहेत. १ म्हणजे शनिवार-रविवार.

या आकड्यापाशी जरा थांबा. आज आपण सहज ११ टाइप करतो आणि रविवार सुटीचा होतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची एक हक्काची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कामगारांना संघटित केलं, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सहा दिवस, रोज आठ तास हा आपला नेहमीचा हिशेब त्या ४८ मध्ये बसतो. म्हणून तारीख जमत नाही म्हटल्यावर सुट्टीचा वार खोडून टाकणं हा उपाय नाही.

चार, डी२:डी५ म्हणजे सुट्ट्यांची यादी.

एंटर दाबा. उत्तर येतं ३ सप्टेंबर २०२५, बुधवार.

सूत्रावर आंधळा विश्वास ठेवू नका, बोटांवर मोजून बघा. १८, १९, २० हे तीन दिवस. २१ गुरुवार, सुट्टी. २२ ते २६ पाच दिवस, झाले आठ. २७ चतुर्थी, २८ गुरुवार. २९, ३०, ३१ तीन दिवस, झाले अकरा. १ सप्टेंबर गौरीपूजन. २ आणि ३ मिळून तेरा. जमलं!

आता गंमत बघा. याच आकड्यांना साधं 'वर्कडे' लावलं तर उत्तर ५ सप्टेंबर येतं. दिसायला अगदी पटण्यासारखं. पण त्यात शनिवार-रविवार बंद आणि गुरुवार चालू धरलाय. चुकीचं सूत्र नेहमीच चूक दाखवून थांबत नाही. कधीकधी ते छान दिसणारं खोटं उत्तर देतं.

तिसरी पायरी : किती वाजता?

शेवटच्या दिवशी किती तास काम उरतं ते बी६ मध्ये काढा:

=बी२-(बी४-१)*बी३

१०० वजा १२ गुणिले ८, म्हणजे ४ तास. वर्कशॉप सकाळी ९ ते संध्याकाळी ६, मध्ये १ ते २ जेवणाची सुट्टी. बी७ मध्ये सुरू होण्याची वेळ ९:०० लिहा. बी८ मध्ये:

=बी५+बी७+बी६/२४+इफ(बी६>४,१/२४,०)

शेवटचा भाग जेवणाच्या तासासाठी आहे. काम चार तासांपेक्षा जास्त असेल तरच तो तास मिळवायचा. फॉरमॅट तारीख आणि वेळ असं ठेवा. उत्तर: ३ सप्टेंबर, दुपारी १ वाजता.

काम सकाळी सुरू न होता मधेच सुरू झालं तर? समजा १८ तारखेला माल दुपारी ३ वाजता पोहोचला. त्या दिवसाचे पाच कामाचे तास आधीच निघून गेले. ते पाच तास एकूण कामात मिळवा, म्हणजे बी२ मध्ये १०५ लिहा. बाकी काही बदलू नका. दिवस होतात १४, तारीख येते ५ सप्टेंबर, शेवटच्या दिवशी उरतो १ तास. म्हणजे शिक्षक दिनाच्या सकाळी दहा वाजता शेवटचा बाक तयार होणार. ट्रक पाच तास उशिरा आला आणि काम दोन तारखांनी पुढे गेलं, कारण मध्ये गुरुवार होता.

खरी गोम : रोजचे आठ तास

इथपर्यंत पोहोचल्यावर आमचा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे ३ तारखेला होतंय ना सर! दोन दिवस हाताशी आहेत."

मी विचारलं, "आठ तास काम रोज होतं का रे?"

तो हसला. मग खिशातून वही काढली. मागच्या ऑर्डरच्या वेळी त्याने रोजचे तास लिहून ठेवले होते. बारा दिवसांची बेरीज भरली ७५ तास. रोज सरासरी ६.२५, म्हणजे सव्वासहा तास. वीज जाते. ग्राइंडरची चकती संपते, ती आणायला कामशेतला जावं लागतं. गिऱ्हाईक येतं, त्याच्याशी बोलावं लागतं. पवना धरणाच्या बाजूला पावसाळ्यात पाऊस असा येतो की उघड्यावरचं कटिंग थांबवावंच लागतं. दुकान आठ तास उघडं असतं, पण काम सव्वासहा तासच होतं.

बी३ मध्ये ८ च्या जागी ६.२५ लिहिलं. बी४ झालं १६. बी५ मध्ये तारीख आली ८ सप्टेंबर, सोमवार. शिक्षक दिन होऊन गेल्यावर तीन दिवसांनी.

इथे एक सापळा आहे. ६ तास १५ मिनिटं म्हणजे ६.१५ नव्हे, ६.२५. पंधरा मिनिटं म्हणजे पाव तास. आणि चौकटीत ६:१५ असं वेळ म्हणून लिहिलंत तर संगणक त्याला दिवसाचा भाग समजतो, साधारण ०.२६. भागाकार करण्याआधी त्याला २४ ने गुणावं लागतं.

उलटं मोजणं

तारीख ठरलेली असेल तर सुरुवात कधी करायची? दिवसांना वजाचं चिन्ह द्या. बी९ मध्ये देण्याची तारीख ०५/०९/२०२५ लिहा आणि बी१० मध्ये:

=वर्कडे.इंटल(बी९,-बी४,१५,डी२:डी५)

देण्याचा दिवस कामात धरायचा नाही, म्हणून इथे 'वजा एक' नको. उत्तर आलं १३ ऑगस्ट. आम्ही बसलो होतो १५ ऑगस्टला! गाडी दोन दिवसांपूर्वीच सुटली होती.

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मग नाही म्हणू का सर?"

मी म्हटलं, "नाही कशाला? किती होतील ते मोज." दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजायला 'नेटवर्कडेज.इंटल' हे सूत्र आहे. ते सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही दिवस मोजतं. ४ सप्टेंबरला गुरुवार, म्हणून शेवटचा कामाचा दिवस ३:

=नेटवर्कडेज.इंटल(बी१,बी९-१,१५,डी२:डी५)

उत्तर १३ दिवस. १३ गुणिले ६.२५ म्हणजे ८१.२५ तास. त्याला अडीचने भागलं तर ३२.५. अर्धा बाक कोणी घेत नाही, म्हणून ३२. उरलेले आठ ८ तारखेला पूर्ण होऊन ९ ला पोहोचतील.

त्याने माझ्यासमोरच मुख्याध्यापकांना फोन लावला. "सर, शिक्षक दिनाला बत्तीस बाक देतो, आठ बाक मंगळवारी, ९ तारखेला." पलीकडून क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, की एका वर्गाला आठ दिवसांनी बसवू, चालेल. ३० ऑगस्टचा शब्द दिला असता तर तो मोडलाच असता, आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली असती.

आणखी काही गोष्टी

माणसं वाढवली तर? दोघं काम करत असतील तर बी३ मध्ये दोघांचे तास मिळवा. पण वेल्डिंगचं मशीन एकच असेल तर दुसऱ्या माणसाचे तास पूर्ण धरू नका. तो कटिंग आणि घासकाम करेल, वेल्डिंगसाठी थांबेल. जे साधन एकच आहे, त्याच्या तासांवर तारीख ठरते.

रंग वाळायचा वेळ वेगळा ठेवा. रंग वाळायला माणूस लागत नाही. तो रात्रीही वाळतो, गुरुवारीही वाळतो. असा वेळ कामाच्या तासांत मिळवायचा नाही. तो काम संपण्याच्या तारखेत साध्या बेरजेने मिळवायचा. ३ तारखेला शेवटचा हात मारलेले बाक ४ च्या सुट्टीत आपोआप वाळतात. मात्र काम संपलं त्याच संध्याकाळी माल द्यायचा असेल तर हा दिवस आधी मोजायला हवा.

दुसरा आणि चौथा शनिवार. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून या दोन शनिवारी सुट्टी असते. अशा सुट्टीसाठी १ ते १७ मध्ये कोणताही क्रमांक नाही. त्या तारखा सुट्ट्यांच्या यादीतच घालाव्या लागतात. दुसऱ्या शनिवारची तारीख अशी काढा:

=डेट(२०२५,८,१५)-वीकडे(डेट(२०२५,८,१))

उत्तर ९ ऑगस्ट. १५ च्या जागी २९ लिहिलं की चौथा शनिवार, २३ ऑगस्ट.

अनेक ऑर्डरी एकाखाली एक लिहायच्या असतील तर सुट्ट्यांची यादी $डी$२:$डी$५ अशी डॉलरच्या चिन्हाने बांधून टाका. नाहीतर सूत्र खाली ओढताना यादीही खाली सरकते आणि वरच्या सुट्ट्या एकेक करून सुटत जातात.

लक्षात ठेवा

स्प्रेडशीट हिशेब चुकत नाही. पण बी३ मधला आकडा ती तुम्हाला विचारत नाही, तुम्ही लिहाल तो खरा मानते. त्या एका चौकटीत इच्छा लिहिली तर ३ सप्टेंबर येते, वहीतली सरासरी लिहिली तर ८ सप्टेंबर. म्हणून आजपासून एक साधी सवय लावा. रोज संध्याकाळी, आज खरोखर किती तास काम झालं, ते लिहून ठेवा. बारा दिवसांनी सरासरी काढा. तुमची पुढची तारीख त्या आकड्यावर द्या.

स्वाध्याय

१. एका शिवणवर्गाला ९० तासांचं काम मिळालं आहे. रोज ५ तास काम होतं, सुट्टी फक्त रविवारी. सुरुवात सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. सुट्ट्या वरच्याच. काम कोणत्या तारखेला संपेल? आधी सूत्राने काढा, मग कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा.

२. हेच काम ५ सप्टेंबरच्या सकाळी द्यायचं असेल, तर सुरुवात कधी करायला हवी होती?

३. तुमच्या स्वतःच्या अभ्यासाचे तास सात दिवस लिहा. अंदाज आणि सरासरी यांत किती फरक पडला, ते वहीत नोंदवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १० सप्टेंबर येत नसेल तर 'वजा एक' आणि सुट्टीचा क्रमांक पुन्हा तपासा. दुसऱ्याचं उत्तर मी सांगत नाही, ते तुम्ही काढा.